डीकलखाली पुन्हा पुन्हा येणारी चंदेरी झाक: बंद वाघिणीवर ती का येते आणि कशी घालवायची

रात्री मॉडेलच्या वाघिणीवर, म्हणजे मालगाडीच्या डब्यावर, डीकल (पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचा छापील अक्षरांचा पारदर्शक पापुद्रा) बसवलं तेव्हा ती झकास दिसत होती. तपकिरी अंगावर पांढरी अक्षरं थेट ब्रशने लिहिल्यासारखी, पापुद्र्याची कड शोधूनही सापडत नव्हती. सकाळी बघावं तर प्रत्येक अक्षराभोवती धुरकट, चंदेरी चौकोन. मग सॉफ्टनर, म्हणजे पापुद्रा मऊ करणारं द्रावण, लावायचा, झाक जाते. वाळलं की परत हजर. पुन्हा लावायचा, पुन्हा हजर.

नाशिकमध्ये मालगाडीची मॉडेलं करणारी मंडळी मोजकीच आहेत, पण जो कोणी साधी वाघीण आणून स्वतः रंगवायला घेतो, तो इथे येऊन अडतो. म्हणून या एकाच दुखण्यावर सविस्तर लिहितो आहे. उदाहरण म्हणून एचओ, म्हणजे १:८७ मापाची बीसीएनए वाघीण घेऊ. मनमाडला एफसीआयच्या गोदामाकडे धान्याचे रेक येतात त्यातली, आपल्या रोजच्या ओळखीची बंद वाघीण. अमेरिकन बॉक्सकारचा साधा किट घेऊन त्यावर स्वतःच्या मनातल्या रेल्वेचं नाव घालणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. झाक वारंवार येत असेल तर डीकल बसवण्यात सहसा काही बिघडलेलं नसतं. बिघाड त्याच्या आधी, ग्लॉसच्या (डीकलखाली मारायच्या चकचकीत पारदर्शक थराच्या) हातात झालेला असतो. "अहो, ग्लॉस मारला होता!" हे उत्तर मला नेहमी मिळतं आणि ते खरंही असतं. ग्लॉस मारलेला असतो, पण तो ग्लॉस झालेला नसतो. आणि आपल्याकडे तो बिघडण्याची कारणं उन्हाळ्यात वेगळी असतात, पावसाळ्यात वेगळी. म्हणूनच एप्रिलमध्ये सापडलेला उपाय जुलैमध्ये चालत नाही आणि माणूस वैतागतो.

आधी ओळखा, पांढरं नेमकं कुठे आहे

वाघिणीवर पांढुरकं दिसलं की ते डीकलखालीच असेल असं नाही. बारीक ब्रश डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा आणि त्या जागेवरून हलकेच फिरवा. पाणी लागताच पांढरेपणा नाहीसा झाला आणि वाळल्यावर पापुद्र्याच्या बाहेरही पसरलेला दिसला, तर तो वरचा थर आहे. पाण्यातला क्षार, डीकलचा वाळलेला गोंद किंवा वरच्या लॅकरला (झटपट वाळणाऱ्या पारदर्शक थराला) धरलेली ओल, यांपैकी काहीतरी. पाणी लावूनही झाक जशीच्या तशी राहिली आणि ती पापुद्र्याच्या आकाराला चिकटून असली, तर ती खाली आहे. तीच आपली चंदेरी झाक, इंग्रजी मासिकांतलं सिल्व्हरिंग.

दुसरी खूण उजेडाची. मोबाइलचा टॉर्च वाघिणीच्या बाजूला, अगदी तिरका धरा. खाली अडकलेली हवा चमकते आणि टॉर्च हलवला की तिची चमक बदलते. वरचा क्षार कुठूनही पाहिला तरी खडूसारखा मंदच दिसतो.

क्षाराचं प्रकरण लवकर आटोपतं. बऱ्याच सोसायट्यांत उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं. ते जड असतं आणि वाळताना डीकलच्या कडेला पांढरी रेघ सोडतं. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून त्यात ओलावलेल्या इअरबडने ती पुसून निघते. पुढच्या वेळेपासून डिस्टिल्ड वॉटरच वापरा. बॅटरीत घालायचं मिळतं ते चालतं, फक्त दुकानदाराने चुकून ॲसिडची बाटली दिलेली नाही ना, एवढं पाहून घ्या.

हवा खाली जाते कशी

मॅट रंग मॅट दिसतो कारण त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. डीकलचा पापुद्रा त्या उंचवट्यांवर टेकतो, मधले खळगे रिकामे राहतात. खडीवर ताडपत्री अंथरल्यासारखा प्रकार. डीकल ओलं असतं तोवर ते खळगे पाण्याने भरलेले असतात. पाण्यातून प्रकाश फारसा न विखुरता आरपार जातो, म्हणून रात्री सगळं निर्मळ दिसतं. पाणी उडून गेलं की त्याची जागा हवा घेते. पापुद्रा आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश परावर्तित होऊन विखुरतो आणि आपल्याला चंदेरी धुकं दिसतं. लालसर तपकिरी किंवा काळ्या वाघिणीवर ते डोळ्यांत भरतं. फिक्या करड्या रंगावर तेवढीच हवा असली तरी नजरेत येत नाही. त्यामुळे "मागच्या टँक वाघिणीला असं काही झालं नव्हतं" या अनुभवावर विसंबू नका.

सॉफ्टनर लावल्यावर झाक का जाते आणि का परतते, तेही यातूनच कळतं. मायक्रो सोलसारखं द्रावण आत शिरलं की खळगे पुन्हा द्रवाने भरतात, झाक जाते. पापुद्रा मऊ होऊन खळग्यांत उतरला तर ती कायमची गेली. खळगे त्याला झेपणार नाहीत इतके खोल असतील, तर द्रावण उडून जातं आणि हवा परत येते. वरून कितीही ओता, खालची जमीन खडबडीत आहे तोवर हे चक्र चालूच राहतं.

ट्यूबलाइटची परीक्षा

डीकल लावण्याआधी वाघीण ट्यूबलाइटखाली धरा आणि बाजूच्या पत्र्यावर नळीचं प्रतिबिंब शोधा. नळीची कड रेघेसारखी स्वच्छ दिसली तर काम करायला हरकत नाही. प्रतिबिंब दिसतं पण कड फुटलेली, दाणेदार आहे, म्हणजे पृष्ठभाग चमकदार असूनही खडबडीत आहे. नेमके इथेच लोक फसतात. चमक आहे म्हणजे ग्लॉस आहे असं धरून चालतात. हात लावून बघायचं असेल तर ग्लोव्हज घालून, बोटाच्या पाठीने, वाघिणीच्या टोकाकडच्या भिंतीवर बघा. बारीक पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं तर तिथे डीकल लावू नका.

मध्यंतरी जेल रोडकडच्या एका मित्राने त्याची वाघीण दाखवायला आणली. ग्लॉसचे चांगले तीन हात दिलेले. मी ती भिंगाखाली घेतली. दाराच्या वरच्या पट्टीलगत ग्लॉस काचेसारखा पसरला होता. तिथून जरा खाली, पत्र्याच्या मधोमध, जिथे क्रमांक येतो नेमका तिथे, साखरेचे कण विरघळायचे राहून गेल्यासारखा बारीक रवाळपणा होता. एकाच पत्र्यावर, दोन बोटांच्या अंतरात, हा फरक. वरच्या भागातलं डीकल नितळ बसलं होतं, खालचं चंदेरी झालं होतं. डीकल एकाच कागदावरचं, सॉफ्टनर एकाच बाटलीतला, हातही तोच.

उन्हाळ्यातला कोरडा फवारा

हा रवाळपणा येतो तो कोरड्या फवाऱ्यामुळे. मार्च ते मे आपल्याकडची दुपारची हवा तापलेली आणि कोरडी असते. एअरब्रशमधून निघालेला थेंब वाघिणीपर्यंत पोचेपर्यंत अर्धा वाळतो. पत्र्यावर पडल्यावर तो शेजारच्या थेंबात मिसळून सपाट व्हायचा, तो तसाच गोळीसारखा चिकटून बसतो. गॅलरीत उभं राहून रंगवत असाल तर वारा त्यात भर घालतो, शिवाय धूळ. वास घरात नको म्हणून गॅलरी, हे मला समजतं. पण ग्लॉसपुरतं तरी आत या, खिडकी उघडी ठेवा, फवारा बाहेर ओढणारा पंखा लावा आणि तोंडाला रासायनिक वाफांसाठीचा फिल्टर असलेला मास्क बांधा. कापडी मास्कचा इथे काही उपयोग नाही.

या दिवसांत ग्लॉस सकाळी लवकर मारावा. एअरब्रश दहा ते बारा सेंटिमीटरवर, दाब पंधरा ते वीस पीएसआय, आणि रंग नेहमीपेक्षा पातळ. सगळ्यात मोठा फरक पडतो तो थिनरने. तामिया कंपनीचा एक्स-२२ क्लिअर (चकचकीत पारदर्शक रंग) त्याच कंपनीच्या साध्या ॲक्रिलिक थिनरऐवजी मिस्टर लेव्हलिंग थिनरमध्ये पातळ केला, तर त्यातल्या रिटार्डरमुळे तो हळू वाळतो आणि आपोआप सपाट होतो. माझ्या मते आपल्या हवेसाठी यापेक्षा भरवशाची जोडी नाही. पाण्यात मिसळणारं व्हार्निश वापरत असाल तर त्याच्याच जातीचा रिटार्डर थोडासा घाला. पहिला हात धुक्यासारखा हलका. तो चिकटसर झाला की दुसरा ओला हात द्या, इतका ओला की फवारताना पृष्ठभाग पाण्याने भिजल्यासारखा चमकला पाहिजे. थांबायचं कुठे, तर ओघळ सुटण्याच्या जरा आधी. हे अंदाजाचं काम आहे. त्यासाठी जुन्या प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणावर सराव करा, थेट वाघिणीवर नको.

घाईत ऑटो पेंटच्या दुकानातून एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आणि एनसी थिनर आणण्याचा मोह होतो. स्वस्त आहे, चमकही छान येते. पण तो थिनर पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकला खातो आणि खालचा रंग इनॅमल असेल तर त्याच्या सुरकुत्या होतात. अगदी वापरायचाच असेल तर आधी वाघिणीच्या पोटाकडच्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही तिथे, थोडा मारून रात्रभर ठेवून पाहा.

ग्लॉस रवाळ झालेला असेल तर सगळा रंग उतरवायची गरज नाही. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून सपाट भागावर अगदी हलका फिरवा, उभ्या पट्ट्यांच्या कडा सांभाळा. धुऊन, वाळवून पुन्हा एक ओला ग्लॉस द्या. ॲक्रिलिक असेल तर रात्रभर, इनॅमल असेल तर निदान दोन दिवस थांबा. नखाने दाबल्यावर ठसा उमटत असेल तर अजून वाळलेलं नाही.

पावसाळ्यातली पांढरी ओल

जून ते सप्टेंबर गोष्ट उलटी. लॅकर जातीच्या क्लिअरमधला थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवा दमट असेल तर त्या थंड पृष्ठभागावर बाष्प धरतं आणि वाळणाऱ्या थरात अडकतं. सगळ्या वाघिणीवर दुधी पडदा येतो. डीकलच्या आधी हे झालं तर ग्लॉस गढूळ आणि खरबरीत होतो, पुढे झाक ठरलेली. डीकलनंतर झालं तर लोकांना ती डीकलचीच झाक वाटते आणि ते डीकल खरवडायला घेतात. तसं करू नका. पडदा अक्षरांच्या मधल्या मोकळ्या पत्र्यावरही आहे का, ते आधी बघा. असेल तर दोष क्लिअरचा. कोरड्या दिवशी लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा दिला तर वरचा थर पुन्हा विरघळून ओल निघून जाते आणि बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं.

छोटा हायग्रोमीटर फारसा महाग नसतो, रंगाच्या टेबलावर ठेवा. आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर मी लॅकर उघडतही नाही. घरात एसी असेल तर ड्राय मोडवर अर्धा तास चालवून मग काम करा. वाघीण वाळायला झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. स्प्रे कॅन वापरणाऱ्यांनी कॅन आधी कोमट पाण्यात ठेवावा. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकंच, गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही नाही.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळचा गारठा चांगलाच असतो, निफाडकडे तर विचारूच नका. तेव्हा अकरा ते चार या वेळात रंगवलं की विशेष त्रास होत नाही.

ग्लॉस चोख असूनही झाक आली तर

मग कारण आकारात शोधा. बीसीएनएच्या बाजूला उभ्या पट्ट्या आहेत, दारांना बिजागऱ्या आहेत. डीकल पट्टीवरून पलीकडे गेलं की पट्टीच्या मुळाशी पापुद्रा तंबूसारखा ताणला जातो आणि खाली हवा राहते. यावर उपाय म्हणजे डीकल एकसंध न लावता पत्र्या-पत्र्याप्रमाणे कापून लावणं. प्रत्यक्षातलं दीडशे मिलिमीटरचं अक्षर एचओमध्ये पावणेदोन मिलिमीटरचं होतं, म्हणजे तुकडे बारीक होणार आणि रेषेत बसवायला वेळ लागणार. मास्किंग टेपची पातळ पट्टी खालच्या रेषेला धरून काम केलं की ओळ वाकडी जात नाही. रिव्हेटवाल्या जुन्या अमेरिकन बॉक्सकारवर प्रत्येक रिव्हेटभोवती हीच अडचण येते. तिथे कापून भागत नाही, सॉफ्टनरचे जास्त हात द्यावे लागतात.

निळ्या लेबलचा मायक्रो सेट आणि लाल लेबलचा मायक्रो सोल यांची कामं वेगळी आहेत. सेट डीकलच्या खाली लावायचा, तो पृष्ठभागावरचा तेलकटपणा काढतो आणि पकड वाढवतो. सोल वरून लावायचा, तो पापुद्रा जवळजवळ विरघळल्यासारखा मऊ करतो. सोल लावल्यावर डीकलला सुरकुत्या पडतात आणि धस्स होतं, पण त्या वेळी हात लावायचा नाही. वाळताना सुरकुत्या आपोआप बसतात. त्याच क्षणी ब्रशने दाबायला गेलात तर अक्षर फाटतं. सोल्व्हासेट याहून तिखट आहे, तो लावण्याआधी तुमच्या रंगावर पोटाकडे तपासून पाहा. सेट मिळाला नाही तर पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर बरं काम देतं. सोलला मात्र घरगुती पर्याय मी सुचवणार नाही.

डीकल पाण्यात तरंगत ठेवण्याची सवयही सोडा. दहा-पंधरा सेकंद बुडवून टिश्यूवर ठेवा, मिनिटभरात ते कागदावरून सरकायला लागतं. जास्त वेळ पाण्यात राहिलं तर गोंद धुऊन जातो, कडा उचलल्या जातात आणि त्याखाली हवा जाते.

घरी छापलेल्या डीकलचा प्रश्न आणखी निराळा. इंकजेटची शाई पाण्यात फुटते म्हणून तिच्यावर क्लिअर मारावा लागतो. तो जाड मारला की पापुद्रा कडक होतो आणि कोणत्याही सॉफ्टनरला दाद देत नाही. पातळ दोन-तीन हात पुरतात. लेझरची छपाई पाण्याला टिकते, पण घरचा इंकजेट असो की लेझर, पांढरा रंग दोन्हींत नसतो आणि आपल्या वाघिणींवरची अक्षरं तर पांढरीच. त्यामुळे पांढरा टोनर असलेल्या छपाईवाल्याकडून करून घेणं हाच सरळ मार्ग. पांढऱ्या डीकल कागदावर तपकिरी पार्श्वभूमी छापून मधे अक्षरं सोडण्याची युक्ती करतात, पण तो तपकिरी वाघिणीच्या तपकिरीशी कधी जुळत नाही. ज्यांना पापुद्राच नको त्यांनी घासून उतरवायची ड्राय ट्रान्सफर अक्षरं बघावीत, त्यांत झाकेचा प्रश्नच येत नाही.

नवीन डीकल छापून घेणारच असाल तर क्रमांकही नीट तयार करा. ही माझी कळकळीची विनंती आहे. भारतीय वाघिणीचा क्रमांक अकरा अंकी असतो: पहिले दोन अंक प्रकाराचे (बंद वाघिणींसाठी ३० ते ३९), पुढचे दोन मालक रेल्वेचे (मध्य रेल्वे ०१), मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार त्या वाघिणीचे स्वतःचे आणि शेवटचा पडताळणीचा. समजा पहिले दहा अंक ३१ ०१ ०५ १२३४ आहेत. सम स्थानांवरचे अंक १, १, ५, २, ४ यांची बेरीज १३, तिची तिप्पट ३९. विषम स्थानांवरचे ३, ०, ०, १, ३ यांची बेरीज ७. एकूण ४६. पुढची दहाची पट ५०, फरक ४, म्हणून शेवटचा अंक ४. एवढ्या बारीक अक्षरात तो कोण बघणार, असं म्हणू नका. नाशिकरोडच्या फलाटावर उभं राहून रेक मोजणारे लोक बघतात.

लागलेलं डीकल वाचवताना

मॅट हात अजून दिलेला नसेल तर आशा भरपूर आहे. नवीन ब्लेडच्या टोकाने झाकेच्या जागी बारीक टोचे मारा, अक्षरावर नाही, पारदर्शक भागात. त्यावर सोलचा थेंब ठेवा आणि तो आत ओढला जाताना बघा, चंदेरी डाग कडेकडून मिटत जातो. पूर्ण वाळू द्या, उरलेल्या जागी पुन्हा तेच करा. दोन-तीन फेऱ्यांत फरक दिसला नाही तर खालचा ग्लॉस रवाळ आहे असं समजा आणि डीकल काढा. सोलने भिजवून लाकडी टूथपिकने कडेपासून गुंडाळत आणलं की निघतं. ताजं असेल तर मास्किंग टेपनेही उचलता येतं.

मॅटचा हात बसून गेला असेल तर द्रावण त्यातून खाली पोचत नाही. टोचे त्या थरातून आरपार जावे लागतात आणि त्यांच्या खुणा राहतात. अशा वेळी अंगाच्या रंगाचं खूप पातळ पाणी करून बारीक ब्रशने पापुद्र्याच्या कडेपर्यंत आणलं तर चौकोन बराच बुजतो. अक्षरांवर मात्र धूळ-गंजाचा थर चढवून झाक लपवू नका. तिरक्या उजेडात ती धुळीखालूनही दिसते.

म्हणून मॅट मारण्याआधी वाघीण एक दिवस तशीच ठेवा, दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरका धरून दोन्ही बाजू तपासा. गोंदाचे डाग ओल्या इअरबडने टिपा, वाळू द्या, मग एक ग्लॉसचा हलका हात देऊन पापुद्र्याची कड बुजवा आणि त्यावर मॅट. तामियाचा टीएस-८० हा मॅट क्लिअरचा कॅन वापरत असाल तर पंचवीस-तीस सेंटिमीटरवरून, हात न थांबवता, पातळ दोनच वेळा फिरवा. एकदम जाड मारला तर तपकिरी रंगावर पांढरी भुकटी धरल्यासारखं दिसतं आणि तुम्ही परत टॉर्च घेऊन डीकलखाली हवा शोधत बसाल.